नवरा पेंटर, बायकोकडे चार घरची कामं आणि रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर: आधी कोणत्या योजनेला हात घालावा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर त्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. सध्या पुण्यात हडपसरला भाड्याच्या खोलीत राहता. नवरा रंगकाम करतो, हजेरी ६५० रुपये. तुम्ही चार घरी धुणीभांडी आणि पोळ्या करता, त्याचे महिन्याला ७,५००. मुलगी अनुदानित शाळेत आठवीत, मुलगा तिसरीत. रेशनकार्ड केशरी, पण गावचं आणि सासऱ्यांच्या नावाचं. गावी सासरे (६८), सासूबाई (६२), दीर आणि जाऊ असतात. लाडकी बहिणीचे पैसे सुरुवातीला आले, मग थांबले. आता एक जण ‘सगळ्या योजना बसवून देतो’ म्हणून ३,००० रुपये मागतोय. ते द्यावेत का, आणि आम्ही नेमके कशाला पात्र आहोत, असं तुम्ही विचारलंय.

तीन हजार देऊ नका. का, ते ओघात येईलच.

तुमच्या घराची खरी अडचण योजना माहीत नसणं ही नाही. प्रत्येक योजनेची गरिबीची रेघ वेगळ्या उंचीवर आहे आणि तुमचं घर त्या रेघांच्या मधोमध बसतं. रेशनच्या मोफत धान्यासाठी, म्हणजे प्राधान्य कुटुंबासाठी, मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,०००. केशरी कार्ड एक लाखापर्यंत. लाडकी बहिणीला अडीच लाख. शाळेतल्या एनएमएमएस या परीक्षा देऊन मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला साडेतीन लाख. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीला आठ लाख. आणि म्हाताऱ्या माणसांच्या श्रावणबाळसारख्या निराधार योजनेला फक्त २१,०००, तेही अख्ख्या कुटुंबाचं वार्षिक. त्यामुळे ‘आम्ही गरिबात बसतो का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. काहींत बसता, काहींत नाही.

म्हणून आधी वर्षाचं उत्पन्न नीट काढा. बहुतेक घरं इथेच घसरतात. चांगल्या महिन्यात नवऱ्याची २२ हजेरी भरते म्हणजे १४,३००, त्यात तुमचे ७,५०० मिळवले की २१,८००. त्याला बाराने गुणलं तर २,६१,६०० येतात, म्हणजे लाडकी बहिणीच्या मर्यादेबाहेर. पण रंगकाम बारा महिने सारखं नसतं. आठ महिने सरासरी १८ हजेरी धरली तर ९३,६००. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नऊच धरली तर २३,४००. तुमचे वर्षाचे ९०,०००. एकूण २,०७,०००. हा खरा आकडा आहे. हजेरीची वही किंवा मुकादमाच्या नोंदी असतील तर त्यावरून तुमचा आकडा काढा, माझा उचलू नका. एकदा ठरला की त्या वर्षी सगळीकडे तोच लिहा. एका दाखल्यावर ९०,००० आणि दुसऱ्यावर २,१०,००० असं करून देणारे लोक असतात, बहुधा तुमचा तीन हजारवालाही त्यातलाच. आता आधारमुळे हे अर्ज एकमेकांशी ताडून पाहणं सोपं झालंय, आणि खोट्या दाखल्याची जबाबदारी अर्जावर सही करणाऱ्यावर येते, भरून देणाऱ्यावर नाही.

दोन लाख सात हजारांना केशरी कार्डाची मर्यादा ओलांडली जाते, हे स्पष्टच सांगतो. पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. तुमच्यासारख्या कमावत्या घराला माझा सल्ला नेहमी एकच असतो: गरीब म्हणून मागण्याआधी कामगार म्हणून मागा. तिथे उत्पन्नाची अट नसते.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नवऱ्याची नोंदणी झालेली नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ‘तो गवंडी नाही, पेंटर आहे’ म्हणून राहिली असेल. रंगकाम बांधकामातच मोडतं, दुरुस्तीची कामंही त्यात येतात. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम, एवढ्या दोनच मुख्य अटी. नोंदणी शुल्क एक रुपया, आणि वर्षाच्या वर्गणीचाही एक रुपया. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, त्यातून हे मंडळ चालतं. म्हणजे हा तुमच्या नवऱ्याच्या कामातूनच उभा राहिलेला पैसा आहे.

घोडं अडतं ते ९० दिवसांच्या प्रमाणपत्रावर. ते ठेकेदार देऊ शकतो, किंवा गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेने नेमलेला अधिकारी. ठेकेदाराकडून घेणार असाल तर त्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, कामाचं ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते आणि सही-शिक्का, हे सगळं हवं. अधिकाऱ्याकडून घेतलं तर जावक क्रमांक आणि तारीख पाहून घ्या. जावक क्रमांक नसलेला कागद हमखास परत येतो. नाक्यावर उभं राहून रोज वेगळ्या माणसाकडे काम करणाऱ्याला एकच ठेकेदार ९० दिवस दाखवू शकत नाही. अशा वेळी दोन-तीन ठेकेदारांकडून तुकड्या-तुकड्याने प्रमाणपत्रं घ्यायला जाऊ नका, सरळ प्रभाग कार्यालयात विचारा. आणि ज्याने कधी काम दिलंच नाही अशा ठेकेदाराचं विकत मिळणारं प्रमाणपत्र तर अजिबात घेऊ नका. तपासणीत नोंदणी रद्द होते आणि पुढचे सगळे लाभ त्याच्यासोबत जातात.

बाकी कागद नेहमीचेच: आधार, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरता येतो किंवा तालुका कामगार सुविधा केंद्रात. मूळ कागद तपासायला तारीख मिळते, त्या दिवशी नवऱ्याने स्वतः जायचं. एक दिवसाची हजेरी बुडेल, ती धरूनच चाला.

आता यातून मिळतं काय? पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५००, आठवी ते दहावीला ५,०००, दोन मुलांपर्यंत. म्हणजे तुमच्या दोघांचे मिळून वर्षाला साडेसात हजार. यासाठी शाळेकडून ७५ टक्के हजेरीचा दाखला लागतो. दहावी किंवा बारावीला किमान ५० टक्के मिळाले तर १०,०००. अकरावी-बारावीला दर वर्षी १०,०००, पदवीला वर्षाला २०,०००. या रकमा आपोआप येत नाहीत, दर वर्षी दर मुलामागे वेगळा अर्ज करावा लागतो. आणि अर्ज करताना नोंदणी जिवंत असावी लागते. नूतनीकरण दर वर्षी करायचं असतं, आणि त्यालाही ९० दिवसांचं नवं प्रमाणपत्र लागतं. लोक भांड्यांचा संच मिळेपर्यंत नोंदणीच्या मागे धावतात आणि मग कार्ड ट्रंकेत टाकतात. भांडी गौण आहेत हो. पेंटर परांचीवर उभा राहून काम करतो. कामावर मृत्यू झाला तर नोंदीत कामगाराच्या वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यू झाल्यास दोन लाख. नूतनीकरण चुकलेल्या महिन्यात अपघात झाला तर वारसाला झगडावं लागतं. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुमची स्वतःची नोंदणी घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे होऊ शकते. त्याचा कायदा २००८ चा. खरं सांगायचं तर तिथले लाभ बांधकाम मंडळाच्या मानाने फार किरकोळ आहेत. तरी करून ठेवा, कारण कामगार असल्याची नोंद पुढे उपयोगी पडते. ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी, तीही मोफत होते, वय १६ ते ५९ असेल आणि पीएफ किंवा ईएसआयसी कापलं जात नसेल तर. यातल्या कुठल्या कामासाठी हातात रोख मागितली तर पावती मागा. पावती म्हटलं की रक्कम बऱ्याचदा आपोआप कमी होते.

आता लाडकी बहीण. इथे तुमच्या रेशनकार्डाचा गुंता आडवा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे थांबण्याची कारणं साधारण चार. एक, ई-केवायसी. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. त्यात तुमच्या आधारसोबत नवऱ्याचं (लग्न झालेलं नसेल तर वडिलांचं) आधारही ओटीपीने पडताळावं लागत होतं. नवऱ्याच्या आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तिथेच अडकलं असणार. दोन, बँक खातं. यावर खाली लिहितो. तीन, घरात कुणाच्या नावावर चारचाकी असणं (ट्रॅक्टर सोडून). दिराने जुना टेम्पो विकला पण कागद अजून त्याच्याच नावावर, असं असेल तर यंत्रणेला तो टेम्पो दिसतो. चार, एकाच रेशनकार्डावर दोनपेक्षा जास्त लाभार्थी बायका. सासूबाई, जाऊबाई आणि तुम्ही, तिघींनी अर्ज केला असेल आणि तिघींची नावं त्या एकाच केशरी कार्डावर असतील, तर तुमचं नाव छाननीत अडकण्याची शक्यता मोठी. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. त्या हिशेबाने तुमचं घर वेगळं आहे. पण पडताळणी कार्डावरून होते, आणि कार्ड तर एकच.

म्हणून लोक सांगतात, कार्ड वेगळं करा. करावं, पण लगेच नाही. विभक्त कार्ड मागितलं की उत्पन्न सांगावं लागेल, आणि २,०७,००० वर केशरीऐवजी पांढरं कार्ड मिळेल. त्यात काय जातं ते आधी बघा. तुमचं कार्ड प्राधान्य यादीत असेल आणि तुमची चार नावं त्यात असतील तर माणशी ५ किलोप्रमाणे २० किलो धान्य मिळतं, ते जाईल. बाजारात तेवढ्याला सात-आठशे रुपये लागतात. कार्ड शेतकरी केशरी असेल तर मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत धान्याऐवजी माणशी १७० रुपये थेट खात्यात येतात, म्हणजे चौघांचे ६८०. पण ते गावच्या खात्यावर जमा होतात, तुमच्या हाती येत असतील तरच तुमचा तोटा धरा. दुसऱ्या पारड्यात महिन्याचे १,५००. आकड्यांनी बघितलं तर कार्ड वेगळं करणं फायद्याचं वाटतं. पण एक मेख आहे. लाडकी बहिणीचे नवे अर्ज ऑक्टोबर २०२४ नंतर बंद झाले. कार्ड वेगळं केलं म्हणून थांबलेला हप्ता सुरू होईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. धान्यही गेलं आणि हप्ताही आला नाही, असं व्हायला नको. त्यामुळे आधी थांबल्याचं कारण काढा. अर्ज जिथे भरला त्या अंगणवाडी सेविकेकडे, १८१ क्रमांकावर किंवा महिला व बाल विकास कार्यालयात अर्जाची सद्यस्थिती विचारा. कारण चौथं निघालं, तरच कार्डाला हात लावा.

वेगळं करायचं ठरलं तर गावच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून तुमची चार नावं कमी केल्याचा दाखला घ्या आणि तो पुण्यात तुमच्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात नव्या कार्डाच्या अर्जासोबत जोडा. राहण्याच्या पुराव्याला भाडेकरार लागतो. खोलीमालक करार करून देत नसेल तर त्याचं संमतीपत्र आणि खोलीचं वीजबिल चालतं का, ते जाण्याआधी विचारा. कार्यालयानुसार यात फरक पडतो. तोवर पुण्यातल्या दुकानातून गावच्याच कार्डावर धान्य उचलता येतं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे दुकानदार नाही म्हणू शकत नाही, फक्त अंगठा जुळायला हवा आणि कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी.

पांढऱ्या कार्डाची एक भीती मात्र काढून टाका. ‘दवाखान्याचं बंद होईल’ असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या कार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. लक्षात ठेवायचं ते एवढंच: उपचार योजनेतल्या रुग्णालयातच घ्यायचे आणि दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठायचं. आधी बिल भरून नंतर पैसे परत मागण्याची सोय त्यात नाही.

बँक खात्याबद्दल. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेचा माणूस म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा केवायसीबद्दल बोलत असतो. सरकारी पैसा ज्या रस्त्याने येतो त्याला आधार सीडिंग, म्हणजे पैसा कोणत्या खात्यात जायचा त्याची आधारशी जोडणी लागते, आणि ते एका वेळी एकाच खात्याला असतं. शेवटी ज्या बँकेने सीडिंग केलं तिथे पैसा जातो. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं असतं ना, पैसे तिथे साठत राहतात आणि इकडे आपण पासबुक भरून बघतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. ते नको असेल तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून सीडिंग तिथे वळवा. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं असू द्या, नवऱ्यासोबतचं संयुक्त नको. पतसंस्थेचं खातं तर यात चालतच नाही. आणि दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून अधूनमधून शंभर-दोनशे काढत-भरत जा.

मुलीचंही खातं आत्ताच उघडा. ती आठवीत आहे, आणि एनएमएमएस परीक्षा आठवीतच देता येते, पुन्हा संधी नाही. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती आहे. सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५०), आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,०००, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आजच विचारा. आधारवरचं, शाळेच्या रजिस्टरमधलं आणि पासबुकावरचं तिचं नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर पैसे मंजूर होऊनही परत जातात. तुमच्या स्वतःच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं आडनाव असा घोळ असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधार आधी दुरुस्त करा, मग बँक, मग बाकीचं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा केंद्रावरच्या पोराने टाइप केलेलं पडद्यावर वाचूनच अंगठा द्या.

या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागेल. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करा. एका वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार मिळतात. कुठल्या कामासाठी कोणता लागतो ते विचारून तोच घ्या. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगतील, त्याची गरज नाही. अशा दाखल्यांसाठीचं मुद्रांक शुल्क सरकारने माफ केलंय, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र पुरतं. दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. त्यात मिळाला नाही किंवा कारण न देता फेटाळला, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. नुसतं ‘अपील करणार आहे’ म्हटल्यावरही फाइल हलते, मात्र त्यासाठी अर्जाची पोच हातात हवी.

सासऱ्यांच्या श्रावणबाळचं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. ६५ च्या पुढे असल्याने वयाची अट बसते, महिन्याला १,५०० मिळतात. पण २१,००० ची मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे. एका कार्डावर तुमची कमाई मोजली गेली तर अर्ज उभाच राहणार नाही. कार्ड वेगळं करण्याच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा आहे. मात्र दिराची कमाई आणि गावची जमीन याची माहिती मिळाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

तर क्रम असा लावा: या आठवड्यात सीडिंग तपासणं आणि शाळेत एनएमएमएसची चौकशी, दोन्हीला पैसा लागत नाही. मग उत्पन्नाचा दाखला आणि त्याच सुमारास नवऱ्याचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र. त्यानंतर मंडळाची नोंदणी. कार्डाचा निर्णय सगळ्यात शेवटी. तो घेण्याआधी तीन गोष्टी कळवा: कार्डावर नेमकी कुणाकुणाची नावं आहेत, जाऊबाईंना लाडकी बहिणीचे पैसे मिळतात का, आणि गावच्या दुकानात धान्य मिळतं की खात्यात पैसे येतात.